आधी माणूस उचलायचा

लढाईत गोळी लागलेल्या जवानाचे पुढे काय होते? युद्धावरच्या आपल्या पुस्तकांत या प्रश्नाचे उत्तर सहसा सापडत नाही. मेलेल्यांचा आणि जायबंदी झालेल्यांचा आकडा दिला जातो आणि लेखक पुढच्या टेकडीकडे वळतो. तो जखमी माणूस उतारावर किती वेळ पडून होता, त्याला कोणी उचलले, कशावर घालून कुठे नेले, आणि तो पोचला तेव्हा डॉक्टरच्या हाताशी काय काय होते, याबद्दल बहुधा एक ओळही नसते. हे पुस्तक एवढ्याच विषयाला वाहिलेले आहे. १९५० ते १९५४ या काळात ६० पॅराशूट फील्ड अँब्युलन्स या भारतीय तुकडीने कोरियाच्या युद्धात जे काम केले, त्याची ही हकीकत आहे. फील्ड अँब्युलन्स म्हणजे तीनशेहून अधिक माणसांची आख्खी पलटणच. तीत सर्जन असतात, भूल देणारे असतात, तसेच नर्सिंगचे जवान, स्ट्रेचर वाहणारे, ड्रायव्हर, आचारी, कारकून आणि भांडारपालही असतात.

वाचकाने पहिल्या प्रकरणाकडे वळण्याआधी एक गोष्ट मनात पक्की धरावी, असे मला वाटते. आघाडीवरच्या वैद्यकीय पथकाचे पहिले काम वाहतुकीचे असते, शस्त्रक्रिया त्यानंतर. शहरातल्या इस्पितळात रोगी स्वतः चालत किंवा नातेवाइकांच्या आधाराने दारापर्यंत येतो. रणांगणावर मात्र इस्पितळालाच रोग्याकडे जावे लागते, त्याला उचलावे लागते आणि गोळीबाराच्या टप्प्याबाहेर आणावे लागते. ही साखळी कुठेही तुटली, तर मागे बसलेला सर्जन कितीही निष्णात असला तरी त्याचा उपयोग शून्य. हे मी पुस्तकी तत्त्व म्हणून सांगत नाही. आपल्याच माणसांच्या जिवावर बेतलेला याचा एक पुरावा इतिहासात आहे.

नोव्हेंबर १९१५. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, बगदादच्या अलीकडे टेसिफोन येथे ब्रिटिश हिंदी फौजेची तुर्कांशी गाठ पडली. ही फौज मुख्यतः सहाव्या पुणे डिव्हिजनची होती. तीत १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. त्यांत सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडची पोरे होती. लढाईत साडेचार हजारांच्या आसपास माणसे कामी आली किंवा जखमी झाली. वैद्यकीय व्यवस्था मात्र त्याच्या एका लहानशा अंशाइतक्या जखमींचा अंदाज धरून केलेली होती. स्प्रिंग नसलेल्या, खेचरांनी ओढायच्या दुचाकी मालगाड्यांवर जखमींना घालून मैलोन् मैल उंचसखल जमिनीवरून तैग्रिसच्या काठी आणले गेले. मोडलेल्या मांडीच्या हाडाला अशा गाडीत काय होते, याची कल्पना ज्याने हाड मोडलेले माणूस हलवताना पाहिले आहे त्याला सहज येईल. तिथून बोटींच्या उघड्या डेकवर, दाटीवाटीने, बसऱ्याकडे. बसऱ्याच्या धक्क्यावर अशी एक बोट लागताना इंडियन मेडिकल सर्व्हिसमधल्या मेजर कार्टर यांनी पाहिली. जखमी माणसे आपल्याच मळमूत्रात पडलेली होती, पट्ट्या कित्येक दिवस बदललेल्या नव्हत्या, जखमांत किडे पडलेले होते. कार्टर यांनी हे वरिष्ठांना लिहून कळवले, तेव्हा नसत्या उठाठेवी करणारा माणूस ठरवून त्यांनाच अटकेची धमकी मिळाली. पुढे चौकशी आयोग बसला, १९१७ मध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांना पायउतार व्हावे लागले.

त्या माणसांचे हाल डॉक्टर नव्हते म्हणून झाले, असे म्हणून भागत नाही. डॉक्टर कमी होते हे खरेच. पण त्याहून मोठी उणीव गाड्यांची, बोटींची, स्ट्रेचरची आणि स्ट्रेचर वाहणाऱ्या हातांची होती. पस्तीस वर्षांनी भारताची एक वैद्यकीय तुकडी कोरियात उतरली, तेव्हा तिचा देश स्वतंत्र झालेला होता आणि तिचे अधिकारीही भारतीय होते. मेसोपोटेमियाचे पाप कोणाचे होते याचा न्यायनिवाडा इथे करायचा नाही. पण कोरियातल्या तुकडीने साहित्य आणि वाहतूक यांच्यासाठी जो जिवाचा आटापिटा केला, त्याची किंमत कळण्यासाठी टेसिफोन ठाऊक असायला हवे.

उत्तर कोरियाच्या फौजा २५ जून १९५० रोजी दक्षिणेत घुसल्या. संयुक्त राष्ट्रांनी सदस्य देशांकडे मदत मागितली. नेहरूंच्या सरकारने लढाऊ फौज द्यायचे नाकारले आणि वैद्यकीय पथक देऊ केले. त्या वेळी काहींना हा निर्णय बचावाचा वाटला. माझे मत वेगळे आहे. नुकतीच फाळणी आणि काश्मीरची लढाई सोसलेल्या सैन्याने आपली छत्रीधारी फील्ड अँब्युलन्स परक्या देशात पाठवणे, हा काही स्वस्तातला उपाय नव्हता. तुकडीचे प्रमुख होते लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज. १९४१ साली विमानातून छत्रीने उडी घेणारे पहिले भारतीय म्हणून हवालदार मेजर मथुरा सिंग यांच्या जोडीने त्यांचे नाव घेतले जाते. ते पेशाने डॉक्टर होते, हे मात्र अनेकांच्या ध्यानात नसते.

नोव्हेंबर १९५० मध्ये तुकडी बुसान बंदरात उतरली आणि थेट उत्तरेला प्योंगयांगकडे गेली. युद्ध आता संपतच आले, नाताळापर्यंत सगळे घरी जातील, असे तेव्हा बोलले जात होते. त्याच सुमारास चिनी सैन्याने मोठा हल्ला चढवला आणि संयुक्त राष्ट्रांची आघाडी कोसळली. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात प्योंगयांग सोडायचे ठरले. तुकडीकडे पुरेशी वाहने नव्हती. साहित्य तिथेच टाकून माणसांनी निघावे, असे सुचवण्यात आले.

रंगराज यांनी ते मानले नाही. या साहित्यात काय काय होते ते आपण पाहू: शस्त्रक्रियेची हत्यारे, ती निर्जंतुक करायची भांडी, तंबू, स्ट्रेचर, फळ्या आणि पट्ट्या, प्लाझ्माच्या बाटल्या, पेनिसिलिन, मॉर्फिया, ब्लँकेट, दिवे. हे गेले असते, तर तीनशे सुशिक्षित, सद्भावनेची माणसे उरली असती. वैद्यकीय पथक उरले नसते. नवे साहित्य भारतातून यायचे, तर आठवडे लागले असते आणि तोवर समोरची माणसे मेली असती. तुकडीच्या माणसांनी एक जुने वाफेचे इंजिन आणि काही डबे शोधून काढले. रेल्वेच्या कामाची थोडीफार माहिती असलेले जवान तुकडीत निघाले. बॉयलरमध्ये पाणी भरायची सोय नव्हती, म्हणून माणसांची रांग लावून बादलीमागून बादली पाणी ओतले. मिळेल ते जळण गोळा केले, साहित्य डब्यांत चढवले आणि गाडी दक्षिणेकडे हाकली. वाटेतला पूल उडवला जाण्याच्या थोडेच आधी ही गाडी त्यावरून पार झाली.

या प्रसंगावर मी एवढा रेंगाळतो आहे त्याला कारण आहे. त्या दिवशी एकही ऑपरेशन झाले नाही, कोणाची जखम शिवली गेली नाही. तरीही पुढच्या तीन वर्षांत या तुकडीच्या तंबूत जो माणूस वाचला, त्याच्या जगण्यात त्या बादल्यांचा वाटा आहे. कडाक्याच्या थंडीत बर्फगार पाण्याची बादली पुढच्या माणसाच्या हाती देणाऱ्या जवानांपैकी बहुतेकांची नावे आज कोणाला सांगता येणार नाहीत.

त्यानंतर तुकडीचे दोन भाग झाले. पुढचा भाग २७व्या कॉमनवेल्थ ब्रिगेडबरोबर राहिला. या ब्रिगेडमध्ये ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन होते. पुढे कॅनेडियन आणि न्यूझीलंडचे तोफखानावालेही आले. मागचा भाग मेजर एन. बी. बॅनर्जी यांच्या हाताखाली देगू शहरात राहिला. तिथे कोरियन सैनिकांच्या इस्पितळात आणि निर्वासितांनी तुंबलेल्या त्या शहरात नागरिकांसाठी त्यांनी काम उभे केले. आघाडीवरच्या भागाच्या कथा जास्त रंगतात, म्हणून देगूचे नाव मागे पडते. भाजलेली मुले, उपासमार झालेल्या बाया, टायफॉइड, क्षय, जुन्या चिघळलेल्या जखमा. तिथली रांग कधी संपत नसे.

आघाडीवरचे काम नेमके कसे चाले, ते जरा जवळून पाहण्यासारखे आहे. जवान पडला की त्याच्या पलटणीचा डॉक्टर आणि स्ट्रेचरवाले त्याला टेकडीमागच्या आडोशाला, पलटणीच्या मदतकेंद्रात आणत. तिथून पुढे फील्ड अँब्युलन्सची हद्द सुरू होई. कोरियाच्या डोंगरांत जीप जिथवर येई, तिथवर माणसांनीच माणूस न्यायचा. बर्फाळलेल्या उतारावर एका स्ट्रेचरला चार माणसे लागतात आणि थोड्या अंतरावर दुसरी चार बदलीला लागतात, कारण बोटे बधिर होतात आणि पकड सुटते. कोरियन हमालांचे या कामात फार मोठे साहाय्य झाले. पाठीवर लाकडी घोडी बांधून ते डोंगर चढत, वर जाताना दारूगोळा आणि अन्न नेत आणि येताना अनेकदा जखमींना खाली आणत.

स्ट्रेचर ड्रेसिंग स्टेशनच्या तंबूत आले की ते तिकाटण्यांवर ठेवायचे. जखमीच्या अंगावर बांधलेली चिठ्ठी आधी वाचायची: जखम कुठे, मॉर्फिया दिले का, किती वाजता. मॉर्फिया दिलेल्या माणसाच्या कपाळावर पेन्सिलीने तशी खूण करण्याची रीत होती, म्हणजे दुसऱ्या कोणी चुकून पुन्हा टोचू नये. थंडीत याचा धोका वाढतो. गारठलेल्या अंगात दिलेले मॉर्फिया शोषले जात नाही, म्हणून दुसरा डोस दिला जातो आणि माणूस ऊब मिळून सैलावला की दोन्ही डोस एकदम चढून त्याचा श्वास मंदावतो. मांडीचे हाड मोडले असेल, तर थॉमसची लोखंडी चौकट पायाला बूट-पँटवरूनच चढवायची. कपडे काढण्याच्या खटाटोपात रक्तस्राव वाढतो. प्लाझ्माची बाटली टांगायची. कोरियाच्या त्या हिवाळ्यात प्लाझ्माच गोठत असे आणि मॉर्फियाच्या नळ्या वितळलेल्या राहाव्यात म्हणून आघाडीवरचे वैद्यकीय जवान त्या तोंडात धरून ठेवत. ज्याच्या पोटात जखम नाही त्याला गरम गोड चहा मिळे. पोटात जखम असलेल्याला घोटभर पाणीही द्यायचे नाही, तो कितीही विनवण्या करो. हा नियम पाळणारा नर्सिंगचा जवान वीस-बावीस वर्षांचा असायचा.

मग येतो क्रम लावण्याचा प्रश्न. एका वेळी वीस जखमी आले आणि टेबल एकच असेल तर आधी कोण? जो सर्वांत मोठ्याने ओरडतो तो बहुधा थांबू शकतो. जो गप्प, पांढराफटक पडलेला आहे, त्याच्याकडे आधी जायचे. आणि काही जणांचे शरीर इतके छिन्न झालेले असते की मॉर्फिया देऊन, अंगावर ब्लँकेट घालून, बाजूला ठेवण्यापलीकडे काही करता येत नाही. नेपोलियनच्या फौजेतला सर्जन लारे याने हुद्दा आणि राष्ट्र न पाहता जखमेच्या गांभीर्यानुसार उपचार करण्याचा पायंडा पाडला. १९४९च्या जिनिव्हा करारात तो कायदा झाला: उपचारांचा क्रम फक्त वैद्यकीय निकडीनेच ठरवायचा, मग जखमी आपला असो की शत्रूचा. कागदावर हे सोपे दिसते. ज्याने काल आपल्यावर तोफ डागली त्या चिनी पोराला आपल्या शिपायाआधी टेबलावर घ्यायचे, हे करताना डॉक्टरच्या मनावर काय ताण येत असेल, याचा वाचकाने विचार करावा.

शस्त्रक्रियेतली एक गोष्ट नागरी डॉक्टरांनाही चमत्कारिक वाटते. आघाडीवरचा सर्जन जखम शिवत नाही. गोळीने किंवा तोफगोळ्याच्या तुकड्याने मेलेले मांस, कापडाचे तुकडे, माती सगळे कापून काढायचे आणि जखम उघडीच ठेवून पट्टी बांधायची. चार-पाच दिवसांनी, मागच्या इस्पितळात, दुसरा सर्जन ती बंद करतो. घाईने शिवलेली जखम आतून सडू लागते आणि पाय किंवा जीव जातो, हा धडा दोन महायुद्धांत लाखो माणसांनी भोगून शिकवला होता. याचा अर्थ असा, की आघाडीवरच्या सर्जनला आपल्या कामाचा शेवट दिसतच नाही. त्याने वाचवलेला माणूस जगला का, हे त्याला अनेकदा कळतही नाही.

कोरियाच्या युद्धाने वैद्यकशास्त्राला बरेच काही दिले. अमेरिकेची फिरती शस्त्रक्रिया इस्पितळे पुढे चित्रपटातून आणि दूरदर्शन मालिकेतून जगभर माहीत झाली. हेलिकॉप्टरच्या बाहेर दोन्ही अंगांना बांधलेल्या स्ट्रेचरवरून जखमी थेट सर्जनपर्यंत येऊ लागले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी इस्पितळांत पोचलेल्या जखमींपैकी सुमारे ४.५ टक्के दगावत. कोरियात हे प्रमाण २.५ टक्क्यांच्या आसपास आले. याचे श्रेय रक्त, प्रतिजैविके आणि शिरा-धमन्या जोडण्याच्या नव्या कौशल्याला आहे. तितकेच ते वेळ वाचवणाऱ्यांनाही आहे. हेलिकॉप्टर उतरायच्या सपाटीपर्यंत त्या माणसाला कोणीतरी हातांनीच आणलेले होते.

२३ मार्च १९५१ रोजी मुनसान-नी येथे अमेरिकेच्या १८७व्या छत्रीधारी रेजिमेंटने विमानांतून उड्या घेतल्या. तीन हजारांहून अधिक सैनिकांबरोबर भारतीय तुकडीचे १२ जण होते, रंगराज स्वतः त्यांत. शत्रूच्या मुलखात उतरून, छत्र्यांबरोबर टाकलेली खोकी शोधून, त्यांनी तिथेच शस्त्रक्रियेचे ठाणे मांडले. एप्रिलमध्ये काप्योंगच्या खोऱ्यात कॉमनवेल्थ ब्रिगेडने चिनी हल्ला अडवला, ऑक्टोबरमध्ये मारयांग-सानच्या टेकड्या घेतल्या गेल्या. या झुंजींच्या मागे हीच तुकडी उभी होती. रंगराज यांना महावीरचक्र मिळाले. तुकडीच्या इतर अनेकांनाही शौर्यपदके मिळाली. तुकडीचे स्वतःचे जवानही मारले गेले आणि जखमी झाले. सगळी वर्षे मिळून सुमारे दोन लाख रुग्णांवर या तुकडीने उपचार केले, असे सांगितले जाते. त्यात बहुसंख्य साधे आजारी आणि नागरिक होते, हेही ध्यानात ठेवावे.

आजारांचा विषय आला म्हणून थोडे. गोळीपेक्षा रोगाने जास्त माणसे निकामी होतात, हा युद्धांचा जुना अनुभव आहे. कोरियात थंडीने बोटे काळी पडत, जुलाब होत, उवा पडत. १९५१च्या सुमारास एक विचित्र ताप आला: आधी अंग तापे, मग त्वचेखाली रक्ताचे ठिपके उठत आणि मूत्रपिंडे बंद पडत. तीन हजारांहून अधिक सैनिकांना तो झाला. कारण कोणाला कळेना. १९७०च्या दशकात कोरियन शास्त्रज्ञ ली हो-वांग यांनी उंदरांतून पसरणारा त्याचा विषाणू शोधला आणि हंतान नदीवरून त्याला नाव दिले. हंता विषाणू म्हणून आज वैद्यकाचे विद्यार्थी त्याचा अभ्यास करतात. पिण्याचे पाणी तपासणे, संडासाचे खड्डे कुठे खणायचे ते ठरवणे, जवानांचे मोजे कोरडे आहेत का ते पाहणे, ही फील्ड अँब्युलन्सची रोजची कामे आहेत. त्यांना कधी पदक मिळत नाही.

२७ जुलै १९५३ रोजी युद्धविराम झाला आणि मायदेशी परतायला नकार देणाऱ्या बावीस हजारांवर युद्धकैद्यांची जबाबदारी भारतावर आली. त्यासाठी गेलेल्या भारतीय फौजेचे प्रमुख होते कोल्हापूरकडचे मेजर जनरल एस. पी. पी. थोरात. बिथरलेल्या कैद्यांच्या तळात, त्यांनी ओलीस धरलेल्या भारतीय अधिकाऱ्याला सोडवायला, थोरात मोजक्या माणसांसह शिरले होते, ही हकीकत मराठी वाचकाला बहुधा ठाऊक असेल. ६० पॅराशूट फील्ड अँब्युलन्स याही कामात होती. १९५४च्या फेब्रुवारीत ती भारतात परतली आणि मार्च १९५५ मध्ये राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांनी आग्रा येथे तिचा गौरव केला.

जखमींना उचलून आणणाऱ्या या साखळीचे शेवटचे दुवे आपल्या पुण्यात आहेत, याचा आपल्याला विसर पडतो. लष्करी डॉक्टर घडवणारे आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेज तिथे आहे. १९४४ मध्ये सुरू झालेले कृत्रिम अवयव केंद्र तिथे आहे. खडकीला, कमरेखालचे अंग लुळे पडलेल्या जवानांचे घर आहे. डोंगरावरून उचललेला माणूस अनेक हातांतून जात अखेर इथे येतो आणि चाकाच्या खुर्चीवर पुढचे आयुष्य काढतो. हे पुस्तक वाचून कोणी त्या घराची वाट धरली, तर त्याचे स्वागतच होईल असे मला खात्रीने वाटते.

पुस्तकाची एक उणीव आहे आणि ती लेखकाच्या हातची नाही. डॉक्टरांनी आठवणी लिहिल्या, सेनापतींनी आत्मचरित्रे लिहिली. स्ट्रेचर वाहणाऱ्यांनी लिहिले नाही. लष्कराच्या वैद्यकीय दलात महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून हजारो माणसे गेली. कोणी नर्सिंगचे काम केले, कोणी अँब्युलन्स चालवली, कोणी थिएटरमधली हत्यारे उकळली. त्यांतले बरेच निवृत्त होऊन गावाकडे परतले, शेती केली आणि तोंडातून चकार शब्द न काढता गेले. तुमच्या घरात आजोबांची लष्करी नोकरीची पुस्तिका, एखादे पत्र, तंबूसमोरचा एखादा गटाचा फोटो पडून असेल. तो बाहेर काढा. फोटोमागे नावे लिहा, गाव लिहा, साल लिहा. कोणी हयात असेल तर त्यांच्याजवळ बसा आणि ते कोणाला, कुठून, कसे उचलून आणत, एवढे तरी विचारून उतरवून घ्या. यातली बरीच माणसे आज नव्वदीच्या पुढे आहेत, तेव्हा हे काम या वर्षी व्हायला हवे.